लांबच्या विमानात इकॉनॉमीची सीट: आधी काय बघायचं, पाठ कधी मागे घ्यायची

दर उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातून कोणी ना कोणी लेकाकडे किंवा लेकीकडे जातं. कोणी न्यू जर्सीला, कोणी टोरांटोला, कोणी मेलबर्नला. परत आल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते: समोरच्याने सीट मागे घेतली आणि पंधरा तास त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यासारखं झालं.

समोरचा सीट मागे घेणारच. त्याने तिकिटाचे पैसे दिलेत आणि सीटला बटण आहे. आपण चुकतो ते त्याच्या कितीतरी आधी. तिकीट फक्त भाडं बघून काढतो, सीट वेब चेक-इनला जी उरली ती घेतो, बॅग पायाशी कोंबतो आणि मग विमानात बसून समोरच्यावर चिडतो. हा क्रम उलटा करायचा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पाठ मागे घेण्याची गोष्ट सातव्या टप्प्यात येते, आणि तिची जागा तिथेच आहे.

## टप्पा १: आधी स्वतःचं माप घ्या

शिंप्याची इंचपट्टी काढा. भिंतीला पाठ आणि बूड पूर्ण टेकवून स्टुलावर बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत माप घ्या. कुणाचं २२ इंच भरतं, कुणाचं २५. उंचीवरून हा अंदाज लागत नाही. ठेंगणी वाटणारी माणसंही मांडीने लांब असू शकतात.

हे माप पिचशी ताडून बघायचं. पिच म्हणजे आपल्या सीटवरचा एक बिंदू आणि समोरच्या सीटवरचा तोच बिंदू यांतलं अंतर. इकॉनॉमीत ते साधारण २८ ते ३२ इंच असतं. देशांतर्गत छोट्या विमानांत २८-३०, लांबच्या मोठ्या विमानांत बहुधा ३१-३२. पिच म्हणजे मोकळी जागा असं समजू नका. समोरच्या सीटच्या पाठीची जाडी आणि तिच्या खिशात कोंबलेलं सामान त्यातूनच वजा होतं.

आकडे डोक्यात शिरत नसतील तर घरी तालीम करा. आमच्या वहिनी लेकीकडे पहिल्यांदा निघाल्या तेव्हा मी त्यांच्याच हॉलमध्ये प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पाठीपासून पाठीपर्यंत ३१ इंच मोजून घेतले आणि मागच्या खुर्चीत त्यांना बसवलं. म्हटलं, एक सिरियल पूर्ण बघा, उठायचं नाही. पंधराव्या मिनिटाला म्हणाल्या, "भाऊजी, गुडघे नाही हो, कंबर भरून आली." तेव्हा कळलं की त्यांना पायाला जागा पुरते, पण कंबरेला आधार लागतो आणि दर तासाला उठता आलं पाहिजे. म्हणजे पैसे जास्त लेगरूमवर घालवायचे नाहीत, आइल सीटवर, म्हणजे चालायच्या वाटेलगतच्या सीटवर, घालवायचे. खुर्च्यांच्या या खेळाने त्यांचे काही हजार रुपये वाचले.

तपासा: आपली अडचण नेमकी कोणती? गुडघे, कंबर, खांदे, वारंवार लघवीला जाणं की झोप? यातली एकच पहिल्या नंबरवर ठेवा. सगळं एका सीटमध्ये मिळत नाही.

## टप्पा २: पैसे भरण्याआधी विमान कोणतं ते बघा

नागपूरहून लांब जाणारा माणूस सोनेगाव विमानतळावरून दिल्ली, मुंबई किंवा आखातातलं एखादं शहर गाठतो आणि तिथून मोठं विमान धरतो. तिकिटाच्या पानावर प्रत्येक फ्लाइटखाली विमानाचं नाव बारीक अक्षरात असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोईंग ७७७ मध्ये हल्ली इकॉनॉमीत बहुधा एका ओळीत दहा सीटा असतात, ३-४-३. सीटची रुंदी १७ इंचांच्या आसपास. बोईंग ७८७ मध्ये ३-३-३, रुंदी १७ च्या किंचित वर. एअरबस ए३५० मध्ये ३-३-३ असेल तर १८ च्या जवळ. एअरबस ए३३० मध्ये साधारणपणे २-४-२ असतं, आणि जोडप्याला ते फार सोयीचं: दोनच सीटा, तिसरा अनोळखी माणूस नाही.

एका इंचाने काय होतं, असं वाटेल. खांद्याने रुंद असाल तर पंधरा तासांत तो एक इंच जाणवतो. दोन फ्लाइटच्या भाड्यात हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर मी डोळे मिटून रुंद सीटचं विमान घेतो.

७८७ आणि ए३५० मध्ये केबिनचा हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. जुन्या घडणीच्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतचा असू शकतो, म्हणजे हवा आणखी विरळ. डोकं जड होणाऱ्यांनी, दमा असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सावधान: तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि खाली "ऑपरेटेड बाय" म्हणून दुसरीचं, असं असेल तर सीट दुसऱ्या कंपनीची. सीट निवडायची तीही बहुधा तिच्याच साइटवर, आणि तिचा पीएनआर वेगळा असू शकतो. तो एजंटकडून मागून घ्या. इतवारीतला असो की धरमपेठेतला, एजंट स्वतःहून देत नाही.

## टप्पा ३: ओळ आधी, सीट नंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक लोक नकाशा उघडतात, खिडकी की आइल एवढं ठरवतात आणि जी मोकळी दिसते तिच्यावर बोट ठेवतात. आधी ओळ बघायची असते. एरोलोपासारख्या साइटवर विमानांचे मापात काढलेले नकाशे मिळतात. कंपनीच्या नकाशात सगळ्या सीटा सारख्या दिसतात, इथे दार कुठे, संडास कुठे, भिंत कुठे ते नीट कळतं.

आणीबाणीच्या दाराच्या लगेच पुढची ओळ. हिची पाठ बऱ्याच विमानांत मागे जातच नाही, किंवा जेमतेम जाते, कारण मागच्या दाराची वाट मोकळी राहायला हवी. वहिनी पहिल्या खेपेला नेमक्या इथेच अडकल्या. तालीम केली, आइल घेतली, पैसेही भरले, पण ओळ बघायची मी विसरलो. उतरल्यावर त्यांचा फोन: "भाऊजी, बटण दाबून दाबून अंगठा दुखला, सीट मागेच जात नव्हती हो." समोरच्याची मात्र पूर्ण मागे आलेली. चूक माझी होती. तेव्हापासून मी ओळीचा नंबर दोनदा बघतो.

शेवटची ओळ. मागे भिंत किंवा संडास. पाठ कमी जाते, लोक रांगेत उभे राहतात आणि जेवण शेवटी आलं की आवडीचं संपलेलं असतं. अगदी नाइलाज असेल तरच.

भिंतीसमोरची पहिली ओळ. समोर सीटच नसल्याने कोणी पाठ मागे घेण्याचा प्रश्न येत नाही. पण ट्रे हात टेकायच्या दांड्यात असतो, त्यामुळे तो दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद पडते. उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी बॅग पायाशी ठेवता येत नाही. बाळांचे पाळणेही याच भिंतीला लागतात. रात्रभर रडणं चालेल की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणीबाणीच्या दाराची ओळ. पाय पसरायला भरपूर जागा. पण इथे बसणाऱ्याने गरज पडल्यास दार उघडायला मदत करायची असते. लहान मुलं, गरोदर बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला किंवा क्रूच्या सूचना न समजणारा माणूस इथे बसू शकत नाही. मुलाने प्रेमाने आईबाबांसाठी ही सीट विकत घेतली आणि गेटवर किंवा विमानात त्यांना उठवून दुसरीकडे बसवलं, असं होतं. साठी-सत्तरीच्या पालकांसाठी ही सीट घेऊच नका.

मागच्या टोकाच्या दोन-दोन सीटा. ७७७ सारख्या विमानाचं अंग मागे निमुळतं होतं, म्हणून शेवटच्या काही ओळींत बाजूला तीनऐवजी दोनच सीटा असतात. खिडकीशेजारी थोडी मोकळी जागाही उरते. जोडप्याला उत्तम. अट एवढीच की ती अगदी शेवटची ओळ नसावी.

ओळ ठरली की मग सीट. आइल हवी असेल तर ३-३-३ मध्ये मधल्या गटाची आइल घ्या. बाजूच्या गटात आइलवाल्याला आतले दोघे उठवतात. मधल्या गटात मधला माणूस डावीकडूनही जाऊ शकतो, उजवीकडूनही, म्हणून झोपमोड कमी होते. नवराबायको दोघांनाही उठावं लागत असेल तर एकाच ओळीत वाटेच्या दोन बाजूंच्या आइल घ्या. हाताच्या अंतरावर बसता येतं, गोळ्यांची डबी इकडून तिकडे देता येते आणि कोणाला ओलांडायचं नसतं. पुष्कळांना हे सुचत नाही, कारण लग्नानंतर शेजारीशेजारीच बसायचं असं डोक्यात पक्कं असतं.

खिडकी झोपणाऱ्यासाठी. डोकं टेकायला भिंत मिळते, पण ती भिंत थंड असते. शाल त्या बाजूला लावा.

आणखी एक अडचण नकाशात दिसत नाही. काही सीटांखाली टीव्हीच्या यंत्रणेची पेटी असते आणि एका पायाची अर्धी जागा तीच खाते. विमान जुनं असेल तर प्रवाशांनी टाकलेले त्या सीटचे फोटो शोधून बघा.

तपासा: निवडलेल्या सीटच्या लगेच मागे काय आहे? दार, भिंत किंवा संडास असेल तर दुसरी बघा.

## टप्पा ४: छोटी फ्लाइट सोडा, मोठीकडे बघा

नागपूर ते दिल्ली किंवा मुंबई हा दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. तिथे मधली सीट मिळाली तरी बिघडत नाही. पण तिकिटात ही फ्लाइट आधी येते, म्हणून लोक तिचीच सीट पैसे देऊन घेतात आणि पुढच्या पंधरा तासांच्या फ्लाइटला "चेक-इनला बघू" म्हणतात. पैसे मोठ्या फ्लाइटसाठी ठेवा.

सीट घेतली म्हणजे झालं असंही नाही. कंपनी ऐनवेळी विमान बदलते, आणि मग आपला ३२ नंबर भलतीकडेच जातो. म्हणून तीनदा बघायचं: प्रवासाच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि वेब चेक-इन उघडल्या-उघडल्या. ते बहुधा ४८ किंवा २४ तास आधी उघडतं. पैसे भरून घेतलेली सीट कंपनीने बदलली तर फरक परत मागता येतो, पण मागावा लागतो. पावती ईमेलमध्ये जपून ठेवा.

मधुमेही किंवा शाकाहारी असाल तर खास जेवण किमान २४ तास आधी नोंदवा. काही कंपन्यांना त्याहून आधी सांगावं लागतं. मात्र खास जेवण सगळ्यांच्या आधी येतं. तुमचं खाऊन होतं, ट्रे समोर पडून राहतो आणि गाडी परत येईपर्यंत ना उठता येतं ना पाठ नीट मागे घेता येते. आइलवर असाल तर क्रूला ट्रे लवकर न्यायला सांगा, ते नेतात.

## टप्पा ५: पायाशी काय, डोक्यावर काय

समोरच्या सीटखालची जागा तुमच्या पंज्यांची आहे. तिथे फुगलेली बॅग घातली की गुडघे वर येतात आणि समोरच्या पाठीला टेकतात. मग सीट लहान वाटते.

म्हणून दोन भाग करा. केबिन बॅग वर जाईल. पायाशी एकच मऊ, चपटी पिशवी ठेवा: औषधं, चष्मा, पातळ शाल, कानातले बोळे, डोळ्यांची पट्टी, पेन, पासपोर्ट, रिकामी बाटली. सिक्युरिटीच्या आत गेल्यावर बाटली भरून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ काहीही हातातल्या सामानात चालत नाही. त्यात लोणचं आणि ठेचाही अडकतो. संत्रा बर्फी जाते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या सामानातच ठेवायची. मर्यादा साधारण १०० वॅट-तासांची. हल्ली बऱ्याच कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत, आणि काही ती वरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत. म्हणून ती पायाशीच्या पिशवीत.

कपडे सैल घाला, कंबरेला नाडी किंवा इलॅस्टिक. उंचीवर केबिनचा दाब कमी असतो, त्यामुळे पोटातला वायू फुगतो. जीन्स आणि पट्टा लावून पंधरा तास बसलेल्याला विचारा. निघायच्या रात्री सावजी जेवण्याचा मोह होतो, पाहुणेही आग्रह करतात. बाप्पा, नका करू. परत आल्यावर खा.

## टप्पा ६: बसल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

वरचे कप्पे अजून उघडे असतात, क्रू मोकळा असतो. सीट खराब निघाली तर बदलून मिळण्याची शक्यता आत्ताच सर्वांत जास्त. हे क्रमाने करून बघा.

१. मागे कोणी बसायच्या आधी पाठीचं बटण एकदा दाबून बघा. पाठ जाते का, परत येते का. मग सरळ करून ठेवा, उड्डाणाला ती सरळच लागते.

२. हात टेकायचा दांडा वर होतो का बघा. आइलकडचा दांडा बहुतेकांना अडकलेला वाटतो. पुष्कळ विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, एक छोटं बटण किंवा खटका असतो. बोटाने चाचपडून दाबला की दांडा वर जातो. गुडघे न वाकणाऱ्यांना उठता-बसताना याचा फार उपयोग होतो. विमान जमिनीवर उतरत असताना मात्र तो खाली असला पाहिजे.

३. समोरच्या खिशातलं मासिक, आधीच्या प्रवाशाची बाटली, जे काही गुडघ्यापाशी फुगलंय ते काढा. सुरक्षेचं कार्ड तेवढं राहू द्या. तुम्हीही त्या खिशात जाड काही ठेवू नका.

४. डोक्याची उशी वर-खाली सरकते का आणि तिच्या दोन्ही बाजू आत वळतात का, ते बघा. वळत असतील तर मान टेकायला तीच पुरते. गळ्यातली फुगीर उशी डोक्यामागे आली तर डोकं उलट पुढे ढकलते. ती फिरवून जाड बाजू हनुवटीखाली घ्या.

५. आता नीट बसा. बूड अगदी मागे, पाठीला टेकलेलं. घडी केलेलं ब्लँकेट कंबरेच्या खळग्यात. लोक घसरून बसतात आणि गुडघे दोन इंच पुढे जातात. "जागाच नाही" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची जागा अशी स्वतःच्या घसरण्यात गेलेली असते.

सावधान: मोबाईल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, हात घालून ओढूही नका. सीटच्या सांगाड्यात फोन चिरडला तर बॅटरी पेटू शकते. क्रूला बोलवा. ते स्वतः काढतात.

## टप्पा ७: पाठ मागे घेणं आणि समोरच्याची सहन करणं

विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलेल्या माणसाला मिडल बर्थ माहीत असते. रात्री १० ते सकाळी ६ ती उघडायची, इतर वेळी खालच्यांना बसू द्यायचं. रेल्वेने हे लिहून ठेवलंय म्हणून भांडणं लवकर मिटतात. विमानात असं घड्याळ नाही. उड्डाण, उतरणं आणि बहुधा जेवण एवढ्या वेळी पाठ सरळ, बाकी मोकळं. म्हणून घड्याळ आपणच लावायचं: दिवे मंद झाले की मागे, दिवे लागले की सरळ.

मागे घेण्याची पद्धत अशी:

१. आधी मागे वळून बघा. ट्रेवर चहा आहे का, लॅपटॉप उघडा आहे का, कोणी डोकं टेकून झोपलंय का, बाळ आहे का.

२. नजरानजर झाली तर एक वाक्य पुरे. मराठी-हिंदी माणूस असेल तर "थोडी मागे घेतो हं". परदेशी असेल तर "ओके इफ आय गो बॅक अ लिटल?" परवानगी मागायची नसते, सूचना द्यायची असते. पण स्वर विचारण्याचा ठेवा.

३. बटण दाबून पाठीवर हळूहळू भार टाका. आधी अर्धी, मिनिटभराने उरलेली. धाडकन टाकू नका. एकदा माझ्या समोरच्याने तसं केलं, तेव्हा माझ्या लॅपटॉपची स्क्रीन ट्रे आणि वरच्या कडेच्या मध्ये सापडली. बिजागरी वाकली आणि कॉफी मांडीवर सांडली. तो बिचारा वळून पाच वेळा सॉरी म्हणाला, पण लॅपटॉप गेला तो गेलाच. तेव्हापासून समोरची पाठ सरळ असली तरी माझी स्क्रीन तिच्या कडेखाली जात नाही.

४. जेवणाची गाडी दिसली की कोणी सांगायची वाट न बघता सरळ करा.

आता समोरच्याने मागे घेतली तर काय? इकॉनॉमीत पाठ वरच्या टोकाला साधारण दोन ते सहा इंच मागे येते. पण ती वळते कंबरेजवळ. म्हणून तोंडासमोरची जागा जास्त जाते, गुडघ्यापाशीची त्या मानाने कमी. तेव्हा गुडघे वाचवायला धडपडू नका. बूड मागे आहे का तेवढं बघा आणि स्वतःची पाठही थोडी मागे घ्या. तोंडासमोरचं अंतर बरंचसं परत येतं. स्क्रीन तिरकी होत असेल तर पुष्कळ सीटांत ती खालून ओढून सरळ करता येते.

काही सीटांत पाठ मागे जाताना बसायची गादी पुढे सरकते. अशा सीटवर पाठ मागे घेतली की तुमचेच गुडघे पुढे जातात. उंच माणसाने दोन्ही स्थितीत पाच-पाच मिनिटं बसून बघावं.

हे करू नका: गुडघ्याने ढकलणं, उठताना समोरच्याच्या सीटचा माथा धरून ओढणं, स्क्रीनवर ठोसे मारल्यासारखं बोट आपटणं. ट्रेच्या दांड्याला अडकवून समोरची पाठ अडवणारे प्लास्टिकचे चापही मिळतात. ते घेऊ नका. २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला जाणारं विमान अशा चापावरून झालेल्या भांडणापायी शिकागोला उतरवावं लागलं होतं. बऱ्याच कंपन्यांनी ते वापरायला बंदी घातली आहे.

समोरचा जेवतानाही पाठ सरळ करत नसेल तर एकदा विनंती करा. ऐकलं नाही तर क्रूचं बटण दाबा, "जेवण होईपर्यंत सरळ करायला सांगाल का?" एवढंच बोला आणि गप्प बसा. क्रूचं लोक ऐकतात, तुमचं ऐकतीलच असं नाही. आवाज चढवलेल्या प्रवाशाची नोंद होते, पाठ मागे घेतलेल्याची होत नाही.

## टप्पा ८: पाय

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता केलेल्या प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसांत हे प्रमाण चार तासांपेक्षा लांबच्या एका विमानप्रवासामागे ६,००० त १ इतकं. घाबरण्यासारखा आकडा नाही, पण बसून राहिल्याने होणारी ही गोष्ट उठल्याने टळते.

जागे असाल तेव्हा दर अर्ध्या तासाला पंजे: टाचा टेकवून बोटं वर, मग बोटं टेकवून टाचा वर, वीस-वीस वेळा. पोटरी आवळली गेली पाहिजे, नुसते घोटे फिरवून भागत नाही. दर तास-दीड तासाला उठून संडासापर्यंत जाऊन या, पट्टा बांधायचा दिवा लागलेला नसेल तर. पायावर पाय टाकून झोपू नका. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच घडीत पडून राहणं सगळ्यात वाईट.

केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच. पाणी थोडं-थोडं पीत राहा. उठावं लागेल म्हणून पाणी टाळणारे ज्येष्ठ पुष्कळ बघितले. उठावं लागणं हाच तर फायदा आहे.

आधी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, गरोदर, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणारे: यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. दाब देणारे मोजे लागतील का आणि कोणत्या दाबाचे, ते डॉक्टरच सांगतील. माप सकाळी, पाय सुजायच्या आधी द्यायचं. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी ते मोजे मनाने घालू नयेत. ॲस्पिरिनही मनाने नाही.

लक्ष ठेवा: प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. दोन्ही घोट्यांना थोडी सूज मात्र बहुतेकांना येते आणि ती एक-दोन दिवसांत उतरते.

## टप्पा ९: सीट बिघडलेली निघाली तर

पाठ सरळ राहत नाही, बटण चालत नाही, पट्टा अडकतो: बसल्या-बसल्या क्रूला सांगा आणि दुसरी सीट मागा. विमान भरलेलं असेल तर ही गोष्ट त्यांच्या नोंदीत लिहायला सांगा. सीटचा फोटो काढा, त्यात सीट नंबर दिसला पाहिजे. बोर्डिंग पास फेकू नका. घरी पोचल्यावर कंपनीला फ्लाइट नंबर, तारीख, सीट, काय बिघडलं, कोणत्या वेळी क्रूला सांगितलं आणि सीटसाठी वेगळे पैसे भरले असतील तर त्याची पावती, एवढं सात-आठ ओळींत कळवा. लांबलचक रागाचं पत्र कोणी वाचत नाही. सीटचे भरलेले पैसे मागा. तिकिटाचं पूर्ण भाडं मागितलं की प्रकरण रेंगाळतं.

## टप्पा १०: परतीची सीट आत्ताच

जाताना सगळं जपून करणारी माणसं परतीचं विसरतात. परतीचं विमान वेगळं असू शकतं, ओळींचे नंबर वेगळे असतात, आणि जाताना चांगली ठरलेली ३४ सी परतीच्या विमानात दाराच्या पुढची, न हलणारी निघू शकते. तिकडे मुलं कामावर, आईबाबांना साइट जमत नाही, म्हणून चेक-इन राहून जातं. टप्पा २ आणि ३ परतीसाठी नागपुरातून निघायच्या आधीच करून ठेवा. सीट नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये घाला.

वहिनींच्या परतीची सीट मी त्यांच्या पहिल्या फोननंतर बदलली: मधल्या गटाची आइल, मागे दोन ओळी सोडून भिंत. सोनेगावला उतरल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "भाऊजी, यावेळी मागे गेली." दुसरं वाक्य भूक लागल्याचं होतं.